माळरान, सोलापूर जिल्ह्यातील

माळरान : पर्जन्यछायेच्या प्रदेशातील उथळ, मुरमाड जमिनीवरचा गवताळ भूभाग. त्यात काटेरी झाडेझुडपे विरळ विखुरलेली असतात. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पूर्वेस, दख्खनच्या पठारावर भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांत वसला आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिमी. पाऊस पडतो व त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. नद्यांलगतच्या खोल काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी होते, तर पाणलोटांच्या उंचवट्यांवर बेसॉल्ट खडकावर जेमतेम वीतभर माती असते. माळराने मुख्यतः या उंचवट्यांवर टिकून आहेत. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा व करमाळा या तालुक्यांतील माळांची माहिती त्यातल्या त्यात अधिक नोंदली गेली आहे.

कुसळी, मारवेल, डोंगरी गवत ही येथील प्रमुख गवते होत. त्यांच्यामध्ये हिवर, बाभूळ, बोर, तरवड अशी झाडेझुडपे आढळतात. दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ आवरणाचे पाच प्रकार मानले. त्यांपैकी द्वीपकल्पीय पठारावरील सेहिमा-डायकँथियम (गवतांच्या दोन प्रजातींवरून नाव पडलेल्या) प्रकारात हा प्रदेश मोडतो.

उत्पत्ती : माळरान हे मूळचेच गवताळ, की तोडलेल्या जंगलाचा अवशेष, हा वनस्पतिशास्त्रातील जुना वाद आहे. ब्रिटिश वनाधिकारी हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केलेल्या आणि सेठ यांच्यासह १९६८ मध्ये सुधारलेल्या वनप्रकारांच्या वर्गीकरणाचा वनखात्याच्या कामावर दीर्घकाळ प्रभाव राहिला. त्यात अशा भूभागांकडे प्रामुख्याने उष्णकटिबंधीय काटेरी वनांची अवनत अवस्था म्हणून पाहिले गेले. चराई, कुऱ्हाड आणि वणवा थांबला तर गवताची जागा कालांतराने झाडे घेतील, हे त्यामागचे गृहीतक होते. कुंपण घातलेल्या काही क्षेत्रांत झुडपे वाढतात, हा या मताच्या बाजूचा पुरावा. मात्र झुडपे वाढणे आणि तेथे पूर्वी घनदाट वन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या मतानुसार पठाराचा हा भाग प्राचीन सवाना, म्हणजे विरळ झाडांचा मूळचाच गवताळ प्रदेश, होय. भारतीय उपखंडात, विशेषतः शिवालिक टेकड्यांतील गाळाच्या थरांत, उष्ण व कोरड्या हवामानाला अनुकूल गवतांचा प्रसार सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाल्याचे कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून) दिसते, म्हणजे मानवी कुऱ्हाडीच्या फार आधी. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आशियातील सवानांच्या प्राचीनत्वाची सविस्तर मांडणी केली. भारतीय सवानांना प्रदेशनिष्ठ असलेल्या, म्हणजे केवळ तेथेच आढळणाऱ्या, वनस्पतींची मोठी संख्याही याच दिशेने बोट दाखवते, कारण इतक्या जाती काही शतकांच्या वृक्षतोडीतून उत्क्रांत होणे शक्य नाही. लोणार सरोवराच्या गाळातील परागकणांवरून, होलोसीन कालखंडाच्या (गेल्या सुमारे ११,७०० वर्षांच्या) मध्यापासून मोसमी पाऊस क्षीण होत गेला तसा खुल्या, काटेरी सवानाचा विस्तार झाल्याचे अनुमान काढले गेले आहे. लोणार सोलापूरपासून अडीचशे किमी.हून अधिक उत्तरेस असल्याने ते अनुमान येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही. तरी लोणारला पाऊस सोलापूरपेक्षा अधिक पडतो, हे ध्यानात घेता कोरड्या भीमा खोऱ्यात त्या काळी दाट वन असण्याची शक्यता आणखी कमी ठरते. अलीकडे आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातील वनस्पतींचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातील खुला गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे जुना असल्याचे दाखवले. वाङ्मयीन पुरावा तेराव्या शतकामागे फारसा जात नाही आणि तोवर पशुपालन व शेती येथे पुरती रुजली होती, ही त्याची मर्यादा होय. सर्व पुरावे एकत्र पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. माणसाने चराई व आगीने गवताळपणा काही ठिकाणी वाढवला असेल, इतपत पहिल्या मताला जागा उरते.

महत्त्व : गवताच्या दाट मुळ्यांमुळे उतारावरची पातळ माती धरून ठेवली जाते. या परिसंस्थेतील कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली असतो, त्यामुळे केवळ वरचे झाड मोजणाऱ्या हिशेबात तो दिसत नाही. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, पखुर्डी आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी यांचे हे अधिवास आहेत. धनगरांची मेंढपाळी माळाच्या चाऱ्यावर उभी राहिली. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी जाते आणि शेतात मेंढ्या बसवून मिळणारे खत ज्वारीच्या रानाला.

सर्वांत प्रसिद्ध रहिवासी माळढोक होय. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौ. किमी.चे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे, बाजारपेठा आणि खासगी शेते सरसकट आल्याने जमिनींच्या व्यवहारांवर निर्बंध आले व पक्ष्याविषयी रोष वाढला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी.पर्यंत घटवण्यात आले. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली घट भरून निघणे अवघड असते. २०११ पासून ही जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते. नान्नज परिसरात अलीकडच्या वर्षांत एखाददुसराच पक्षी दिसला आहे.

धोके : उजनी धरण सुमारे १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर कालव्यांच्या लाभक्षेत्रात ऊस पसरला, तर कूपनलिका व ठिबक सिंचनामुळे मुरमाड माळही द्राक्ष व डाळिंबाखाली आले. ‘सोनाका’ हे द्राक्षाचे वाण नान्नजचेच, हे येथे नोंदवण्याजोगे आहे. मुरमाचे उत्खनन, विजेच्या तारा आणि भटकी कुत्री यांची भर पडते. कुत्र्यांपासून लांडग्यांना रोगांचा व संकराचा धोका संभवतो.

यांहून वेगळा धोका वृक्षारोपणाचा. महसुली दप्तरात पडीक आणि उपग्रहाधारित नकाशांत बहुतांशी ओसाड जमीन म्हणून नोंद झाल्याने माळ हे लागवडीसाठी मोकळे क्षेत्र मानले गेले, आणि चॅम्पियन यांच्या गृहीतकाने त्याला शास्त्राचा आधार दिला. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमासारख्या योजनांच्या काळात ग्लिरिसिडिया, सुबाभूळ अशा परकीय झाडांची लागवड झाली. नान्नजच्या अभयारण्यातही ग्लिरिसिडियाचे पट्टे उभे राहिले. त्यामुळे सावलीखाली गवत खुरटते, दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या माळढोक व काळविटाला असा आडोसा टाळावा लागतो. ही झाडे काढून गवत पुन्हा वाढू देण्याचे प्रयत्न वनखात्याने काही भागांत केले आहेत. मात्र कापलेल्या ग्लिरिसिडियाला बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटत असल्याने ते काम एका तोडणीत संपत नाही.