मैफल, परिषद आणि जमाखर्च : एका जुलैची पार्श्वभूमी

कोकणच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी अधूनमधून येत असतात. दक्षिण टोकाला, गोव्यात, देशोदेशीच्या नेत्यांच्या परिषदा भरतात. आणि पूर आला, दरड कोसळली, वादळ झालं की मदतीसाठी गाण्याबजावण्याचे, नाटकाचे, नमनाचे कार्यक्रम लागतात. दोन्हींत तरुण मुलं असतातच. परिषदेच्या वेळी ती हॉटेलात वाढपी म्हणून, गाडीवर ड्रायव्हर म्हणून किंवा बॅरिकेडच्या अलीकडे बघे म्हणून असतात. मदतीच्या कार्यक्रमात ती तिकिटं खपवतात, खुर्च्या लावतात, स्टेजवर नाचतात.

या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच मुलखात, लाखो तरुणांना मध्ये घेऊन घडल्या त्या २००५ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडात, जी-८ म्हणजे आठ बड्या औद्योगिक देशांच्या परिषदेच्या वेळी. कोकणाच्या आठवणीतही तो जुलै पक्का आहे, पण वेगळ्या कारणासाठी : अफाट पाऊस आणि दरडी. म्हणून त्याची मागची-पुढची हकीकत एकत्र मांडावीशी वाटली.

सुरुवात आपल्याकडूनच करायला हवी, कारण राजकीय ठराव आणि त्यासाठी रंगभूमीवरून पैसा उभा करणं ही जोडी मराठी माणसाला शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये बेजवाडा म्हणजे आजच्या विजयवाड्याला अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे, असं तिथे ठरलं. ज्यांच्या नावाचा फंड ते लोकमान्य रत्नागिरीचे. वर्षही झालं नव्हतं त्यांना जाऊन. १९२१ च्याच जुलैमध्ये मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघांनी, म्हणजे गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी, ‘संयुक्त मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. उत्पन्न स्वराज्य फंडाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, त्यामुळे या प्रयोगाभोवती हळहळ कायमची चिकटून राहिली. गाण्याच्या अंगाने या प्रयोगावर भरपूर लिहिलं-बोललं जातं. मला त्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. उद्दिष्ट आकड्यात होतं, मुदत ठरलेली होती आणि पैसा कुठल्या खात्यात जाणार हे तिकीट काढणाऱ्याला माहीत होतं.

हाच शिरस्ता कोकणातल्या गावांनी आपापल्या परीने चालवला. मुंबईत गिरणीत, गोदीत, ऑफिसात असलेल्या चाकरमान्यांची मंडळं गावच्या शाळेसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, पाण्याच्या टाकीसाठी शक्ती-तुऱ्याचा सामना किंवा नमन लावत आली आहेत. परळचं दामोदर नाट्यगृह हे त्यांचं हक्काचं ठिकाण होतं. ते बांधलं सोशल सर्व्हिस लीगने, आणि लीगचे संस्थापक, कामगार नेते ना. म. जोशी मूळचे रायगडातल्या गोरेगावचे. हा योगायोग म्हणावा तर म्हणावा, पण कामगार, कोकण आणि मदतीचा प्रयोग यांचं नातं किती घट्ट होतं हे त्यावरून कळतं.

अशा प्रयोगाची रीत ठरलेली असते. तिकिटाऐवजी ‘देणगी प्रवेशिका’ छापतात. कॉलेजातली मुलं चाळीचाळीत फिरून त्या खपवतात. कुणी किती पुस्तकं नेली, किती परत आणली हे वहीत लिहिलेलं असतं. मध्यंतरात मोठ्या देणगीदारांना शाल-श्रीफळ दिलं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या सभेत जमाखर्च वाचतात. नाट्यगृहाचं भाडं किती, लाऊडस्पीकरचे किती, चहापाण्याचे किती, शिल्लक किती. त्या सभेत कुणीतरी उठतोच आणि विचारतो, “मागल्या वर्षीचे अमुक रुपये कुठे दाखवले नाहीत ते?” भांडणं होतात, मंडळं फुटतात, हे खरं आहे. पण विचारायचा हक्क आहे हे विशीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

जगाच्या पातळीवर मदतीच्या मोठ्या मैफलीची सुरुवात १ ऑगस्ट १९७१ पासून धरतात. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. पंडित रविशंकरांनी आपला शिष्य आणि मित्र, ‘बीटल्स’मधल्या जॉर्ज हॅरिसनला साद घातली आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन प्रयोग झाले. रविशंकरांसोबत अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ होते. तिकिटांचे पैसे युनिसेफकडे गेले. पुढे ध्वनिमुद्रिकेतून आलेला पैसा मात्र करांच्या वादात वर्षानुवर्षं अडकला, कारण धर्मादाय कार्यक्रम म्हणून कागदपत्रं आधी नीट केली गेली नव्हती. निर्वासितांना गरज होती तेव्हा तो पैसा न्यूयॉर्कमध्ये पडून राहिला. आपल्याकडच्या कुठल्याही खजिनदाराने हे प्रकरण मुद्दाम समजून घ्यावं.

नंतर १३ जुलै १९८५ ला इथिओपियाच्या दुष्काळासाठी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच वेळी ‘लाइव्ह एड’ झाली. बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर हे गायक तिचे कर्ते. उपग्रहामुळे ती जगभर दिसली आणि पैसाही प्रचंड जमला. पण एका पिढीला त्यातून एक प्रश्नही मिळाला. गरीब देश दर वर्षी कर्जाच्या हप्त्यापोटी जेवढं परत करतात, त्यापुढे मैफलीचा पैसा किती पुरणार?

२००५ ची चळवळ या प्रश्नातून आली. ब्रिटनमधल्या शेकडो संस्था, चर्च आणि कामगार संघटनांनी ‘मेक पॉव्हर्टी हिस्टरी’ या नावाखाली तीन मागण्या धरल्या : न्याय्य व्यापार, कर्जमाफी, जास्त आणि चांगली मदत. खूण म्हणून मनगटावर पांढरा पट्टा. त्या वर्षी जी-८ चं यजमानपद ब्रिटनकडे होतं आणि ६ ते ८ जुलैला परिषद भरणार होती पर्थशायरमधल्या ग्लेनईगल्स हॉटेलात. एडिंबरापासून हे ठिकाण सत्तरेक किलोमीटर, म्हणजे साधारण रत्नागिरीहून राजापूरला जाण्याइतकं.

२ जुलैला ‘लाइव्ह ८’ च्या मैफली जी-८ देशांत आणि जोहान्सबर्गला झाल्या. इथे पैसा मागायचाच नाही असं ठरलं होतं; नेत्यांवर दबाव आणायला गर्दी हवी होती. लंडनच्या हाइड पार्कची तिकिटं मोबाईलवरून मेसेज पाठवून सोडतीत मिळायची आणि वीस लाखांहून जास्त मेसेज आले. फुकट मिळालेली तिकिटं काहींनी ऑनलाइन विकायला काढली तेव्हा मोठा गहजब झाला. त्याहून गंभीर आक्षेप दुसरा होता. आफ्रिकेसाठी मैफल आणि मुख्य मंचावर आफ्रिकी कलाकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग कॉर्नवॉलमध्ये आफ्रिकी कलाकारांची वेगळी मैफल जोडण्यात आली. हा आक्षेप मला आजही लागू वाटतो. आपल्याकडच्या पूरग्रस्त मदत कार्यक्रमातही मंचावर पाहुणे बसतात आणि ज्यांच्या घरात चिखल भरला ती माणसं प्रेक्षकांतही नसतात.

त्याच दिवशी एडिंबरात दोन लाखांच्या वर लोक रस्त्यावर उतरले. पांढरे कपडे घालून यायचं असं सांगितलेलं. विद्यापीठाजवळच्या ‘द मेडोज’ या मैदानातून निघून शहराच्या मध्यभागाला वेढा घालायचा आणि परत तिथेच यायचं. एवढी माणसं जमली की मोर्चाचा शेवट निघेपर्यंत कित्येक तास गेले. स्कॉटलंडात शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे आईबापांबरोबर आलेली मुलं, परीक्षा संपवून आलेले विद्यार्थी असा तरुण जमाव मोठा होता. ४ जुलैला चित्र पालटलं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात पोलीस आणि आंदोलक यांच्यात झटापटी झाल्या.

६ जुलै हा दिवस सगळ्यात बोलका. हॉटेलाभोवती कित्येक किलोमीटरचं पोलादी कुंपण. शेजारच्या ऑक्टरआर्डर गावातून निघणारा मोर्चा रद्द झाल्याचं पोलिसांनी सकाळी जाहीर केलं आणि नंतर पुन्हा परवानगी दिली. एडिंबराहून निघालेल्या काही बसेस वाटेत अडवल्या गेल्या. काही जण शेतातून कुंपणापर्यंत पोचले, थोडे आतही घुसले. त्याच संध्याकाळी एडिंबराच्या मरेफील्ड स्टेडियमवर ‘लाइव्ह ८’ ची शेवटची मैफल रंगली. म्हणजे एकाच दिवशी एकाच वयाची मुलं काही स्टेडियममध्ये गात होती, काही कुंपणाजवळ पोलिसांसमोर उभी होती. दोघांनाही वाटत होतं की आपण एकाच कामासाठी आलो आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. हल्लेखोर सोडून ५२ माणसं गेली आणि ग्लेनईगल्सच्या बातम्या मागे पडल्या.

निर्णयांचं काय झालं, ते नीट बघायला हवं. १८ गरीब देशांचं जागतिक बँक, नाणेनिधी आणि आफ्रिकी विकास बँकेचं सुमारे ४० अब्ज डॉलरचं कर्ज माफ करायचं, हे जी-८ च्या अर्थमंत्र्यांनी जूनमध्येच लंडनला ठरवलं होतं. मैफल त्यानंतर तीन आठवड्यांनी झाली. म्हणून मैफलीमुळे कर्जमाफी झाली असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. तिच्यामागे कर्जमुक्तीच्या चळवळीची अनेक वर्षांची मेहनत होती. ग्लेनईगल्सला नवं वचन मिळालं ते असं : २०१० पर्यंत वार्षिक मदत ५० अब्ज डॉलरने वाढवायची आणि त्यातली निम्मी वाढ आफ्रिकेसाठी. २०१० उजाडलं तेव्हा मदत वाढली होती, पण वचनाएवढी नाही. आफ्रिकेच्या वाट्याला ठरलेल्या वाढीच्या निम्म्याहून कमी पोचली.

हे आपल्याला कळतं, कारण काही लोक मैफल संपल्यावरही घरी गेले नाहीत. २००६ पासून मोहिमेतल्याच संस्थांनी दर वर्षी देशवार हिशेब छापायला सुरुवात केली : कुणी किती कबूल केलं, किती दिलं. शेवटी २०१० मध्ये कॅनडातल्या मस्कोकाच्या परिषदेत जी-८ ने स्वतःच्या वचनांचा अहवाल स्वतः प्रसिद्ध केला. पांढऱ्या पट्ट्याचे फोटो सगळ्यांना आठवतात. मला विचाराल तर त्या चळवळीची खरी कमाई हे कंटाळवाणे तक्ते आहेत.

ग्लेनईगल्सच्या अजेंड्यावर दुसरा विषय हवामानबदलाचा होता. त्यासाठी भारतासह पाच देशांना बोलावलं होतं आणि पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे हजर होते. परिषद ८ तारखेला संपली. २५ आणि २६ जुलैला कोकणात पाऊस कोसळला. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. मुंबईतले चाकरमानी स्वतःच पाण्यात अडकलेले. गावाकडे रस्ता नाही, फोन लागत नाही, घर उभं आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. एकेका दरडीचा दोष थेट हवामानबदलावर टाकता येत नाही. उताराचा चढ, मातीचा थर, खोदाई, झाडतोड सगळं त्यात येतं. पण थोड्या तासांत अफाट पाऊस पडणं हे त्या विषयाचंच अंग आहे. २२ जुलै २०२१ ला महाडमधलीच तळीये वाडी गेली, ऐंशीहून अधिक माणसांसह. त्याच दिवशी चिपळूण बुडालं.

गोव्याकडच्या परिषदांची हकीकत त्यामानाने थोडक्यात सांगता येते. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेले राष्ट्रप्रमुख मधले दिवस आग्वादला मुक्कामाला आले. इंदिरा गांधी यजमान, आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचा ‘गोवा जाहीरनामा’ तिथला. १५ आणि १६ ऑक्टोबर २०१६ ला बाणावलीत ब्रिक्स, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या देशांची परिषद झाली. पुतिन, शी जिनपिंग आले होते. तरुणांच्या वाट्याला तेव्हा ब्रिक्स देशांची १७ वर्षांखालील फुटबॉल स्पर्धा आली आणि फुटबॉलवेड्या गोव्यात ती गोष्ट लहान नव्हती. २०२३ मध्ये जी-२० च्या कितीतरी बैठका गोव्यात भरल्या. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याहून रोज नोकरीसाठी पत्रादेवीचा नाका ओलांडणारी मुलं या सगळ्यांच्या सगळ्यात जवळ असतात. हॉटेलातली शिफ्ट, वळवलेले रस्ते, ओळखपत्राची तपासणी हा त्यांचा परिषदेचा अनुभव. आत काय ठरलं, हे त्यांना इतरांसारखंच बातम्यांतून कळतं.

त्यातली एक तारीख सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या मुलांनी जरूर लक्षात ठेवावी. २२ जुलै २०२३, गोवा, जी-२० च्या ऊर्जामंत्र्यांची बैठक. त्याआधी तीन दिवस, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली होती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचत नव्हती. आसपासचे गिर्यारोहक तरुण पावसात अंधारात चढून गेले आणि बचावपथकांसोबत पुढे दिवसेंदिवस फावड्यांनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह सापडले, त्याच्या दुपटीने माणसं बेपत्ता राहिली. बेपत्तांचा शोध चालू असतानाच गोव्यात मंत्री कोळसा-तेलाचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यावर एकमत करू शकले नाहीत. संयुक्त निवेदन निघालं नाही. निष्कर्षपत्र आणि अध्यक्षांचा सारांश एवढंच बाहेर आलं. कुठल्या मुद्द्यावर अडलं, ते त्या कागदात लिहिलेलं आहे आणि तो कागद सगळ्यांना खुला आहे. आपल्याच किनाऱ्यावर तयार झालेला हा दस्तऐवज कोकणातल्या कॉलेजांत वाचला जावा, मराठीत यावा, आणि कबूल केलेलं आणि झालेलं यांचा तक्ता दर जुलैला इथल्याच मुलांनी मांडावा, अशी माझी फार इच्छा आहे.