यंदाचा दांडा गेल्या वर्षीचाच का?

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूच्या बेटाला 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. 2004 च्या त्सुनामीत ते वर आलं, असं पर्यटकांना सांगितलं जातं. पण खाडीच्या मुखाशी वाळू साचायला त्सुनामी लागत नाही. नदीचा गाळ आणि लाटा समोरासमोर येतात तिथे दांडा, म्हणजे वाळूचा लांबट उंचवटा, पडू शकतो. पावसाळ्यात असा दांडा पुराने कापला जाऊ शकतो आणि पाऊस ओसरल्यावर बघावं तर थोडा सरकून पुन्हा उभा असतो. मग हा जुनाच की नवा?

'नक्की सांगता येत नाही' म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, जगच धूसर आहे, क्वांटम भौतिकशास्त्रानेही हेच सिद्ध केलंय. क्वांटमचा इथे काडीचा संबंध नाही. 'वस्तूच धूसर असते', म्हणजे अनिश्चितता शब्दांत नाही तर वस्तूतच असते, या समजुतीवर ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ गॅरेथ इव्हान्स यांनी 1978 मध्ये जेमतेम पानभर लेखात घाव घातला.

जुन्या दांड्याला 'ज' म्हणू, नव्याला 'न'. समजा, ज आणि न एकच आहेत की नाहीत हे खरोखरच अनिश्चित आहे. मग न ला एक गुण चिकटला: 'ज शी एक असणं अनिश्चित'. हा गुण ज ला आहे का? नाही, कारण ज हा ज च आहे, यात अनिश्चित काहीच नाही. आता जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचा नियम लावा: दोन नावं एकाच वस्तूची असतील, तर एकीचा प्रत्येक गुण दुसरीचाही असतो. इथे एक गुण न ला आहे, ज ला नाही. म्हणून ज आणि न एक नाहीत. अनिश्चित मानून निघालो आणि ठाम उत्तरावर पोचलो! (काटेकोर विरोध दाखवायला 'एक नाहीत' वरून 'निश्चितपणे एक नाहीत' इथवर जावं लागतं. त्यासाठी 'निश्चित' या शब्दाचं तर्कशास्त्र बरंच बळकट लागतं, आणि काही तर्कशास्त्रज्ञ तिथेच अडतात.)

मग रोजच्या बोलण्यातल्या अनिश्चिततेचं काय? अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1988 मध्ये इव्हान्स यांचा रोख उलगडला. 'वाडीतला सगळ्यात मोठा माड' घ्या. एक माड उंचीने मोठा, दुसरा घेराने. समोरचा माड 'तोच' का, हे अनिश्चित आहे, पण दोन्हींपैकी एकही माड धूसर नाही. डळमळतं ते नाव. नावच डळमळतं असेल, तर गुण चिकटवण्याची पायरी चालत नाही, कारण तो कोणाला चिकटवायचा हेच ठरलेलं नसतं.

दांड्याचंही तेच. वाळूचा कण न् कण मोजला तरी उत्तर मिळणार नाही. किती वाळू टिकली, किती मीटर सरकली तर 'तोच दांडा' म्हणायचं, हे आपण कधी ठरवलेलंच नाही.