उपग्रहांवरील वातावरणीय रोध

पृथ्वीभोवती कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला तिथल्या विरळ हवेचा जो अडथळा होतो, त्याला वातावरणीय रोध म्हणतात. १०० किलोमीटरच्या वर अवकाश सुरू होते असे मानतात; पण ती रेषा माणसाने आखलेली, हवा तिथे संपत नाही. ४०० किलोमीटरवरची हवा समुद्रसपाटीपेक्षा शेकडो अब्जपट विरळ असते. तरी सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या यानाला तेवढीही पुरते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक म्हणूनच सतत थोडे थोडे खाली येते आणि इंजिने पेटवून त्याला अधूनमधून वर ढकलावे लागते. यात एक गंमत आहे: रोधामुळे उपग्रहाचा वेग घटत नाही, वाढतो. कक्षा आक्रसली की खालच्या कक्षेत त्याला अधिक जोरात फिरावे लागते.

रोध किती, हे सूर्यावर ठरते. त्याचे अतिनील व क्ष-किरण वाढले की वरचे वातावरण तापते, फुगते आणि दाट हवा वर सरकते. सुमारे अकरा वर्षांच्या सौरचक्रात ४०० किलोमीटरवरची घनता दहापटीच्या आसपास बदलू शकते.

स्कायलॅबचा घात यानेच केला. मे १९७३ मध्ये सोडलेले हे अमेरिकी स्थानक फेब्रुवारी १९७४ पासून रिकामे होते. स्पेस शटल तयार झाले की त्याला वर उचलायचे, असा बेत होता. पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त सक्रिय झाला आणि शटल लांबले. त्याचे पहिले उड्डाण १९८१ मध्ये झाले. त्याआधीच, ११ जुलै १९७९ रोजी, स्कायलॅब कोसळले. भारतातही तेव्हा ते डोक्यावर पडेल अशी धास्ती होती. तुकडे पडले ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावच्या प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला, अर्थात थट्टेनेच.

सौरवादळाचा तडाखा याहून झटपट बसतो. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले गेले. त्यांची सुरुवातीची कक्षा जेमतेम २१० किलोमीटरवर होती. सौरवादळाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठवलेल्या खळबळीने, म्हणजे भूचुंबकीय वादळाने, तिथली हवा दाटली; रोध कमी व्हावा म्हणून उपग्रह कागदासारखे आडवे, कडेने उडवले, तरी बहुतेक जळून गेले.

रोधाचा उपयोगही आहे. निकामी उपग्रह आणि रॉकेटचे अवशेष तोच खाली ओढतो. इस्रोचा रिसॅट-२ उपग्रह इंधन संपल्यावर असाच उतरत उतरत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. हजार किलोमीटरवरचा कचरा मात्र शतकानुशतके तसाच फिरत राहतो.