अक्रोटेरियन

प्राचीन ग्रीक मंदिराच्या उतरत्या छपराच्या टोकांवर बसविला जाणारा अलंकार. दोन्ही पाखी आढ्यावर मिळतात तेथे तयार होणाऱ्या दर्शनी त्रिकोणिकेच्या माथ्यावर आणि तिच्या वळचणीकडील दोन कोपऱ्यांवर तो बैठकीवर उभारीत. त्या बैठकीलाही हीच संज्ञा लावतात. वळचणीच्या कडेने कौलांच्या ओळींची तोंडे झाकणारी शोभाकौले (अँटिफिक्स) अक्रोटेरियनहून निराळी होत.

ऑलिंपिया येथील हेराच्या मंदिरावरील (सु. इ. स. पू. ६००) भाजलेल्या मातीची भव्य तबकडी हा प्रारंभीचा प्रसिद्ध नमुना. तिचा व्यास दोन मीटरांहून अधिक असून तिच्यावर एकात एक अशी रंगीत नक्षीवलये आहेत. आढ्यावरच्या गोल कौलाचे उघडे तोंड झाकण्याच्या गरजेतून हा आकार आला, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते अनिष्टनिवारण हाच मूळ हेतू होता. तबकडीपुरते पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. गॉर्गन (सर्पकेशी राक्षसी) व स्फिंक्स (मानवी मुख व सिंहाचे शरीर असलेला काल्पनिक प्राणी) यांच्या आकृतींना मात्र दुसरे लागू पडते.

पुढे संगमरवराचा वापर वाढला. इजायना येथील अफाइया मंदिराच्या माथ्यावर पर्णवेलींच्या दोन बाजूंना दोन युवती आणि कोपऱ्यांवर स्फिंक्स होते. अथेन्स येथील पार्थेनॉन मंदिराच्या माथ्यावर अकँथस या काटेरी वनस्पतीची पाने व ताडपर्णाकृती यांची उंच जाळीदार रचना होती. उपलब्ध तुकड्यांवरून तिची पुनर्रचना सुचविण्यात आली आहे.

ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिराच्या माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेली नायकी (विजयदेवता) व कोपऱ्यांवर तशाच कढया होत्या, असे ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस (इ. स. दुसरे शतक) सांगतो. नायकीखाली मेड्यूसा या गॉर्गनचे मुख कोरलेली सोन्याची ढाल होती, टॅनाग्राच्या लढाईतील विजयानंतर (इ. स. पू. ४५७) ती अर्पण करण्यात आली. या मंदिराच्या पूर्वेकडील त्रिकोणिकेतील शिल्पे पायोनिऑस या शिल्पकाराची, असे त्याने नोंदविले असले, तरी पायोनिऑसच्या नायकी-पुतळ्याच्या बैठकीवरील लेखात (सु. इ. स. पू. ४२०) त्याने मंदिराच्या अक्रोटेरियांच्या कामाची स्पर्धा जिंकल्याचा उल्लेख आहे. पॉसेनिअसने किंवा त्याच्या माहितगाराने हा लेख चुकीचा लावला असावा, हे मत आज अधिक ग्राह्य धरतात, कारण पुतळ्याची फडफडती वस्त्रे आणि त्रिकोणिकेतील आवरलेली शैली एका हातची वाटत नाहीत.

एपिडॉरसच्या अस्क्लेपिऑस मंदिराच्या शिलालेखातील बांधकाम-हिशेबात (इ. स. पू. चौथे शतक) एका त्रिकोणिकेवरील अक्रोटेरियांचे काम टिमोथिऑस या शिल्पकाराला दिल्याची नोंद आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस मधला अलंकार कोपऱ्यांवरच्यांपेक्षा एक-अष्टमांशाने उंच ठेवावा, असे सांगतो.