लॉग आधी, घात नंतर

पाठ्यपुस्तकात आधी घातांकी फलन येतं (एखाद्या संख्येचा अमुक घात घेतला की किती येतात, ते सांगणारं) आणि मग त्याचं उलट म्हणून लॉगॅरिदम, थोडक्यात लॉग. घडलं मात्र नेमकं उलटं. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिदमची कोष्टकं छापली, तेव्हा एखाद्या संख्येच्या डोक्यावर बारीक आकडा लिहून घात दाखवायची आपली पद्धतही रुळलेली नव्हती; ती फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकानंतर रूढ झाली.

बीज त्याहून कितीतरी जुनं आहे. नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास जैन आचार्य वीरसेन यांनी ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ वापरला आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ३२ चा अर्धच्छेद ५, कारण पाच वेळा निम्मं केलं की १ उरतो. आजच्या भाषेत हा २ पायाचा लॉग, म्हणजे २ चा कितवा घात घेतला की ती संख्या येते, तो आकडा. जर्मनीत मायकेल स्टिफेलने १५४४ मध्ये अशाच दोन रांगा समोरासमोर मांडल्या: वर ०, १, २, ३, ४... आणि खाली १, २, ४, ८, १६... आता १६ गुणिले १२८ हवं असेल तर गुणाकार करायचाच नाही. १६ च्या डोक्यावर ४, १२८ च्या डोक्यावर ७, बेरीज ११. आणि ११ च्या खाली २०४८. झालं उत्तर!

अडचण एवढीच की या रांगेत १६ नंतर एकदम ३२ येतात. मधल्या २३ चं काय करायचं? नेपिअरची वीसएक वर्षं या मधल्या जागा भरण्यातच गेली. तो एडिंबराजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार. गणित हा त्याचा पेशा नव्हता. पण खगोलशास्त्रज्ञ आणि दर्यावर्दी सात-सात आकड्यांचे गुणाकार-भागाकार करून टेकीला येतात, हे त्याला दिसत होतं. त्याने दोन बिंदू कल्पिले. एक सरळ रेषेवर एकसारख्या वेगाने चालतो. दुसऱ्याला ठरावीक अंतर तोडायचं आहे, पण जितकं अंतर उरलं असेल त्या प्रमाणातच त्याचा वेग असतो, म्हणून तो सतत मंदावतो. पहिल्याने कापलेलं अंतर हा दुसऱ्याच्या उरलेल्या अंतराचा लॉगॅरिदम. नीट पाहिलं तर दुसरा बिंदू म्हणजे घातांकी ऱ्हासच, फक्त तेव्हा त्याला ते नाव नव्हतं. घड्याळ बनवणाऱ्या योस्ट ब्युर्गीनेही स्वतंत्रपणे अशीच कोष्टकं केली होती, पण ती छापायला १६२० उजाडलं आणि श्रेय हातचं गेलं.

नेपिअरची मांडणी मात्र वापरायला अवघड होती. त्याच्याकडे शून्य हा १ चा नव्हे, तर एक कोटीचा लॉग होता. लंडनचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ च्या उन्हाळ्यात मुद्दाम त्याला भेटायला स्कॉटलंडला गेला. पाया १० घ्यावा आणि १ चा लॉग शून्य धरावा, असं दोघांचं ठरलं. नेपिअर १६१७ मध्ये वारला. पुढचं काम ब्रिग्जने ओढलं. ओढलं हाच शब्द बरोबर आहे, कारण त्याने १० चं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, पुन्हा त्याचं, असं ५४ वेळा हाताने काढलं. १६२४ च्या त्याच्या ग्रंथात चौदा-चौदा दशांश स्थळांपर्यंतचे लॉग आहेत. त्या ग्रंथात राहून गेलेली, मधल्या मोठ्या टप्प्यातल्या संख्यांची कोष्टकं डच अड्रियान व्लाक याने १६२८ मध्ये पुरी केली. याच रांगा एकमेकींवर सरकणाऱ्या पट्ट्यांवर खोदून हिशेबाची पट्टी, म्हणजे स्लाइड रूल झाला, आणि पुढची साडेतीनशे वर्षं तो हिशेबाला पुरला.

घातांकी फलन आलं ते वेगळ्याच वाटेने, चक्रवाढ व्याजातून. १६८३ मध्ये स्विस गणिती याकोब बर्नोलीला प्रश्न पडला: १ मुद्दल, वर्षाला शंभर टक्के व्याज, तर वर्षाअखेर २ होतात. व्याजाची आकारणी सहामाही केली तर २.२५. दरमहा केली तर सुमारे २.६१, दररोज केली तर २.७१. क्षणाक्षणाला केली तर? रक्कम बेसुमार वाढत नाही, २.७१८२८... पाशी थबकते. या संख्येला ‘ई’ हे अक्षर दिलं स्विस गणिती ऑयलरने; ‘ई’चे घात म्हणजेच घातांकी फलन. आणि लॉग म्हणजे घाताचा उलटा प्रश्न, ही आज शिकवली जाणारी व्याख्याही त्याच्या १७४८ च्या ग्रंथातूनच रूढ झाली.

१९७२ मध्ये खिशात मावणारा एचपी-३५ कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच लॉगची कोष्टकं आणि स्लाइड रूल अडगळीत गेले. लॉग मात्र गेला नाही. आम्लता मोजणारं पीएच (१९०९) आणि भूकंपाचं रिश्टर मापन (१९३५) त्याच्यावरच उभं आहे. रिश्टरवर एक अंक वाढला की कंपनाचा आवाका दहापट होतो, ऊर्जा सुमारे ३२ पट. बातमीत ‘६ ऐवजी ७’ वाचताना हे सहसा ध्यानात येत नाही.

आणि अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबीने १९४९ मध्ये पुढे आणलेली, जुन्या वस्तूंचं वय काढणारी कार्बन कालमापनाची पद्धत तर सरळ वीरसेनांच्या प्रश्नावर येते. कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. लाकडाच्या तुकड्यात तो मूळच्या पाव उरला असेल तर दोनदा निम्मा झाला, म्हणजे ११,४६० वर्षं. हे तोंडी जमतं. ३० टक्के उरला असेल तर? निम्मा होणं १.७३७ वेळा घडलं, म्हणजे सुमारे ९,९५० वर्षं. हे १.७३७ लॉगशिवाय निघत नाही.