जुन्या पिकअप ट्रकचे पत्राकाम आणि रंगाची पूर्वतयारी

जुना पिकअप ट्रक मूळ रूपात आणताना केबिन, दारे, मडगार्ड, बॉनेट आणि हौदा यांचा पत्रा गंजमुक्त व सरळ करून रंग धरण्याजोगा बनवण्याचे काम. प्रत्यक्ष रंग मारणे हा यातला सर्वांत छोटा भाग. स्प्रे गन हातात येईपर्यंत बहुतेक श्रम आणि बराच पैसा खर्च झालेला असतो. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचे अमेरिकी ट्रक धरले आहेत: शेवरोलेची १९४७ ते १९५५ ची ॲडव्हान्स डिझाइन मालिका, १९४८ मध्ये सुरू झालेली फोर्डची एफ मालिका व तिच्यातला १९५३ पासूनचा एफ-१००, आणि १९६७ ते १९७२ चा शेवरोले सी-१०. कामातल्या बहुतेक चुका हाताच्या नसतात, क्रमाच्या असतात. आधी जुळणी, मग वेल्डिंग, मग ठोकून सरळ करणे आणि सगळ्यात शेवटी पुट्टी, हा क्रम मोडला की एकच काम दोनदा करावे लागते.

पत्रा आणि गंजाच्या जागा

या ट्रकांचा पत्रा साधारण १८ ते २० गेज, म्हणजे १.२ ते ०.९ मिमी जाडीचा असतो. आजच्या मोटारींचा पत्रा ०.७–०.८ मिमीच्या आसपास भरतो. जाड पत्रा हातोडी चांगली सोसतो आणि वेल्डिंग करताना सहज भोक पडत नाही. मात्र त्यावर जस्ताचा थर नाही, आणि बंद पोकळ्यांच्या आत कारखान्यातला रंग नीट पोचलेलाच नसतो. त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेर नाण्याएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो.

तपासण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: केबिनचे मागचे खालचे दोन्ही कोपरे, दाराखालच्या रॉकर पट्ट्या, पायाखालचा पत्रा, केबिन चासीवर बसते ते बैठकीचे भाग, दारांचा तळ, मडगार्डची मागची खालची कड, छताची पन्हळ आणि समोरच्या काचेची खाच. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे किंवा पत्राच उरलेला नाही. संशयाच्या जागी आतल्या बाजूने स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहणे हा सर्वांत प्रामाणिक तपास.

काचेखालचा काउल, म्हणजे बॉनेट आणि समोरची काच यांच्यामधला पोकळ भाग, वेगळा पाहावा लागतो. हवा आत घेण्याच्या जाळीतून पाने आणि माती त्याच्या पोकळीत साचतात, पाणी वाहून नेणारी भोके बुजतात आणि चिखल वर्षानुवर्षे ओला राहतो. आतला पत्रा गाठायचा तर वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे जोड) ड्रिलने सोडवावे लागतात. हे कटकटीचे काम बरेचजण टाळतात. मग नव्या रंगाच्या ट्रकमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात चालकाच्या पायाशी पाणी येते.

आधी जुळणी

केबिन चासीवर, नव्या रबरी बैठकींवर बसवून, दारे लटकवून आणि मडगार्ड-बॉनेट बोल्टने कसून सगळ्या फटी पाहिल्याशिवाय पुट्टीचा डबा उघडू नये. रॉकर किंवा केबिनची बैठक कापायची असेल तर दाराच्या चौकटीत आधी चौकोनी नळीचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करतात. आधार नसेल तर चौकट काही मिलिमीटरने मिटते, आणि नवी रॉकर बसवल्यावर दार लागत नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण कापण्यापूर्वी मोजून लिहून ठेवावेत.

दाराची मागची कड धरून उचलून पाहावी. दार वर-खाली हलले तर बिजागरीची खीळ झिजली आहे. ती बदलल्याशिवाय फट जुळवणे व्यर्थ. दाराचे नवे रबर बसवूनच जुळणी करावी, कारण नवे रबर जाड असते आणि दार बाहेर ढकलते. रबराशिवाय अचूक बसलेले दार रंगानंतर ५ मिमी बाहेर उभे राहते. दाराभोवती ४ ते ५ मिमीची एकसारखी फट पुरेशी आहे. हे ट्रक कारखान्यातून इतके नीटही निघत नव्हते. ३ मिमीच्या हौसेपायी कडा एकमेकींना घासतात आणि रंगाचे टवके उडतात. केबिन आणि हौदा यांच्यातली फट मुळातच मोठी असते आणि ती तशीच राहू द्यावी. खडबडीत रस्त्यावर चासी पीळ खाते आणि दोन्ही भाग वेगवेगळे हलतात.

जुळणी पक्की झाली की बिजागऱ्यांच्या जागा ३ मिमीच्या ड्रिलने आरपार भोक पाडून खुणावतात. सुटे केलेले दार रंगानंतर त्याच भोकांत ड्रिलचा दांडा घालून हुबेहूब जागी बसते. कुठल्या बोल्टखाली किती शिम (जुळणीसाठीच्या पातळ चकत्या) होत्या तेही लिहून ठेवावे.

जुना रंग काढणे

वाळूचा मारा झटपट होतो, पण सपाट पत्र्याला तो घातक आहे. कण आदळून पत्र्याचा एक पृष्ठभाग ठोकल्यासारखा ताणला जातो आणि पत्रा फुगतो. यात दोष मुख्यतः उष्णतेचा नसतो, माराच कारणीभूत असतो. छत, बॉनेट, दाराचा बाहेरचा पत्रा आणि सरळ बाजूंच्या हौद्याच्या भिंती यांचा रंग रसायनाने किंवा ग्राइंडरच्या स्ट्रिपिंग डिस्कने काढावा. चासी, बिजागऱ्या आणि आतले कानेकोपरे माऱ्याला द्यावेत. सिलिका असलेली वाळू वापरू नये, तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. काचेचा चुरा किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड हे पर्याय आहेत. सोड्याचा मारा पत्रा वाकवत नाही. मात्र तो मागे अल्कधर्मी भुकटी ठेवतो, आणि ती धुऊन निष्प्रभ केली नाही तर प्राइमर (रंगाखालचा थर) सालीसारखा सुटतो. आम्लाच्या टाकीत बुडवलेल्या केबिनचा धोका सांध्यांत असतो: दोन पत्र्यांमध्ये अडकलेले आम्ल महिन्यांनी पाझरून रंग उचलते.

त्या काळच्या रंगात शिसे असते आणि कारखान्यातले काही सांधेही शिशाने भरलेले असतात. अशा जागा कोरड्या ग्राइंडरने घासू नयेत. ओले घासावे, योग्य मास्क लावावा आणि धूळ झाडण्याऐवजी पुसून घ्यावी.

उघडा पत्रा दमट हवेत काही तासांत तांबूस होऊ लागतो, म्हणून जेवढे त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमरने झाकता येईल तेवढेच उघडे करावे. हातमोजे घालूनच पत्रा हाताळावा. घामातले क्षार रंगाखाली फोड आणतात. खड्डे पडलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल चालते, पण ते पत्र्यावर वाळू न देता पाण्याने पूर्ण धुवावे लागते. उरलेल्या आम्लावर एपॉक्सी पकड घेत नाही.

ठिगळ आणि वेल्डिंग

बाजारात मिळणारे तयार कोपरे आणि रॉकर मूळ पत्र्यापेक्षा पातळ असू शकतात आणि त्यांचा बाक क्वचितच तंतोतंत जुळतो. जुना भाग लगेच कापू नये. नवा त्याच्यावर ठेवून रेघ ओढावी, आणि पूर्ण कोपरा मिळाला म्हणून पूर्ण न लावता गंजापलीकडे स्वच्छ पत्रा लागेल तेवढाच कापावा. कापाची रेघ वळणाजवळ घ्यावी, सपाट भागाच्या मधोमध नको. वळण वेल्डिंगची ओढ पेलते.

सांधा कडेला कड भिडवून करावा. एकावर एक पत्रा चढवला तर मधल्या सापटीत पाणी राहते, शिवाय दुहेरी जाडी उन्हात वेगळी तापते आणि रंगातून सांध्याची रेघ उमटते. मिग वेल्डरला (तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग यंत्र) ०.६ मिमीची तार, ७५ टक्के आर्गॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा वायू आणि पत्र्यांमध्ये तारेएवढी फट, हे पातळ पत्र्याला मानवते. २५–३० मिमीवर टाके घालत जावे. एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला, आणि हात ठेवता येईल इतका पत्रा निवल्यावरच मधले टाके. सलग वेल्डिंग ओढले की गरम धातू निवताना आकसतो आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा खोलगट होतो. तो पुट्टीने बुजवण्याआधी टाक्यांचा उंचवटा घासून, मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यांवर हातोडी मारावी. ठोकल्याने आकसलेला धातू पुन्हा पसरतो आणि खळगा वर येतो. टिग वेल्ड (टंगस्टनच्या टोकाने केलेला) मऊ असतो, म्हणून ठोकायला सोपा. मिगचा कडक राहतो.

पोचे काढणे

कुठलाही पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने काढतात. शेवटी उमटलेल्या, म्हणजे कडेच्या उंच घडीपासून सुरुवात करावी. थेट मधल्या खोल जागी आतून घण घातला तर घडी तशीच अडकून राहते आणि पत्रा विनाकारण ताणतो. उंच घडीवर हातोडी हलकी मारायची आणि डॉली शेजारच्या खोल भागाखाली दाबून धरायची. दोन्ही एकदम सरकतात. अगदी शेवटी हातोडी बरोबर डॉलीवर पडेल असे ठोकून पृष्ठभाग गुळगुळीत करतात, पण या ठोक्याने पत्रा पसरतो, म्हणून तो मोजकाच.

अंगठ्याने दाबले की टक् आवाज करून आत जाणारा आणि सोडला की वर येणारा पत्रा ताणलेला असतो. त्यावर पुट्टी टिकत नाही. ताणाच्या मध्यावर नखाएवढी जागा लाल होईपर्यंत तापवून, ती डॉलीवर हलके ठोकून निववली की तिथला धातू आकसतो. दरवेळी एकच जागा घ्यावी, आणि पत्रा पूर्ण गार झाल्यावर पुन्हा दाबून पाहावे.

पुट्टी

पूर्वी पोचे आणि सांधे शिशाने भरत. पॉलिस्टर पुट्टी १९५० च्या दशकात आली आणि तिने शिशाची जागा घेतली. घासून झाल्यावर पुट्टीचा थर ३ मिमीपेक्षा जाड राहू नये. त्याहून जास्त लागत असेल तर पत्राकाम अजून झालेले नाही. एपॉक्सी प्राइमर ८० नंबरच्या सँडपेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) घासून त्यावर पुट्टी लावणे ही आजची चांगली पद्धत, कारण पत्रा ओलाव्यापासून आधीच बंद झालेला असतो. वेल्डिंगच्या सांध्यावर पहिला थर काचतंतू मिसळलेल्या पुट्टीचा द्यावा. ती साध्या पुट्टीइतके पाणी शोषत नाही.

हार्डनर (पुट्टी कडक करणारी पेरॉक्साइडची पेस्ट) वजनाने सुमारे २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. जास्त झाला तर उरलेले पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग काढते, आणि दोष दिसतो तेव्हा ट्रक रंगून उभा असतो. मिश्रण पुठ्ठ्यावर करू नये, पुठ्ठा त्यातले स्टायरीन शोषतो. काच किंवा प्लास्टिकची पाटी घ्यावी. फेटल्यास हवा शिरते आणि टाचणीएवढी भोके पडतात, म्हणून पात्याने दाबत, घडी घालत कालवावे. हाताशी चार-पाच मिनिटे असतात. पुट्टी अर्धवट कडक झाली की किसणीसारख्या दातेरी फाइलने उंचवटे उतरवावेत, मग ८० आणि १८० नंबरने कोरडेच घासावे. पुट्टी पाण्याने घासू नये.

प्राइमर आणि ब्लॉक घासणे

पुट्टीनंतर हाय-बिल्ड दोन-घटकी प्राइमरचे दोन-तीन हात, १.७ ते २ मिमीच्या नोझलने, दोन हातांत १०–१५ मिनिटे सोडून मारतात. वरून काळ्या गाइड कोटची पूड फासतात किंवा विरुद्ध रंगाचा विरळ फवारा देतात आणि लांब ब्लॉकला पेपर लावून ४५ अंशांत आलटून-पालटून घासतात. काळे उरले ती जागा खोल. प्राइमर आरपार जाऊन पत्रा चमकला ती जागा उंच, आणि तिथे घासत राहण्यात अर्थ नाही; हातोडीच्या हलक्या ठोक्याने ती खाली बसवून पुन्हा प्राइमर द्यावा लागतो. नुसत्या बोटांखाली पेपर धरून घासले तर बोटांच्या खोबणी उमटतात. ब्लॉक जागा मिळेल तितका लांब घ्यावा, बॉनेटच्या बाकावर वाकणारा. शेवटचे घासणे साध्या एकथरी रंगासाठी ४०० नंबरच्या पेपरने, मेटॅलिकसाठी ६०० नंबरच्या ओल्या पेपरने. मधले नंबर गाळू नयेत. ८० नंबरची रेघ ४०० ने जात नाही, फक्त काही काळ झाकली जाते.

प्राइमरला सुकायला वेळ द्यावा. आतला थिनर उडताना थर आकसतो. घाईने घासून रंगवलेल्या पत्र्यावर काही आठवड्यांनी पुट्टीच्या कडा आणि पेपरच्या रेघा उन्हात दिसू लागतात. रंगापूर्वी पत्रा डिग्रीझरने ओला करून ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाकडे तिरपे पाहावे. नळीची रेघ जिथे लचकते तिथे काम बाकी आहे. काळा रंग निवडला असेल तर ही तपासणी दुप्पट कठोर हवी. जुन्या रंगाचा थर ठेवायचा असेल तर त्यावर लॅकर थिनरचे फडके घासून पाहावे. रंग विरघळला तर नवा थर त्याला उचलून सुरकुत्या पाडील.

फवारणीच्या वेळी पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवे, नाहीतर थराखाली ओलावा अडकतो. माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडले तर कारण बहुधा सिलिकॉन असते. टायरची चकाकी देणारे द्रव आणि पॉलिश त्या खोलीत आणूच नयेत. दोन-घटकी प्राइमर व रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा वास धोक्याची सूचना देण्याइतका लवकर येत नाही, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येतो. फवारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरावा. साध्या कार्बन मास्कवर विसंबू नये.

सांध्यांवरचे सीलर एपॉक्सीवर आणि रंगाखाली लावतात. ते लावताना दाराच्या तळाची आणि रॉकरची पाणी जाण्याची भोके हमखास बुजतात, म्हणून लगेच तार घालून मोकळी करावीत. रंग पूर्ण सुकल्यावर त्याच भोकांतून लांब नळीने पोकळ्यांत मेण फवारतात. मेण रंगाआधी मारू नये. त्याचा अंश पत्र्याच्या कडेवर आला तरी रंग तिथे धरत नाही.