यादीतली मिनिटं: कोकणातल्या मेटल ऐकणाऱ्यांच्या देवघेवीची पार्श्वभूमी

कोकणात मेटल, म्हणजे जड गिटारांचं रॉक, ऐकणारी आमच्या ओळखीतली मंडळी महिनाअखेरीस एकमेकांना याद्या पाठवतात. बँड, अल्बम, साल आणि शेवटी मिनिटं: ‘४१ मि.’, ‘५५ मि.’ नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात की फोनवर ऐकायचं तर मिनिटं कशाला लिहायची. हा आकडा नव्वद मिनिटांच्या सी-९० कॅसेटने आमच्या हाताला लावलेली सवय आहे.

मेटलची सुरुवात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडपासून धरतात. पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोकं गमावलेला त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी, फेब्रुवारी १९७० मधली ती पहिली तबकडी, पुढे सैल केलेल्या तारांचा जाड आवाज. आमच्याकडे हे सगळं वीसेक वर्षं उशिरा आणि उलट्या क्रमाने पोचलं. आम्ही आधी १९८६ चे अल्बम ऐकले, मग १९७० चा.

येण्याच्या वाटा दोन. एक मुंबईची. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत घरच्यांसाठी खाऊ असायचा आणि तळाशी, कपड्यांत गुंडाळलेल्या दोनचार कॅसेट. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर रॉकचे कार्यक्रम पाहिलेला एखादा दादा पडवीत बसून त्यांचं वर्णन करायचा आणि आम्ही आ वासून ऐकायचो. (ते रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात सापडून अशा कार्यक्रमांना बंद झालं, याचं दुःख इकडे बसूनही झालं.) दुसरी वाट गोव्याची. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, आणि तिकडे पाश्चात्त्य वाद्यं घराघरांत असल्याने गिटारचा गोंगाट कुणाला परका वाटत नसे. रत्नागिरीच्या उत्तरेला मुंबईची वाट, दक्षिणेला गोव्याची, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा दोन्ही वाटा एका रात्रीच्या प्रवासावर आल्या.

परवान्याने भारतात निघालेली इंग्रजी कॅसेट हिंदी सिनेमाच्या कॅसेटपेक्षा बरीच महाग पडायची. म्हणून एक जण विकत घ्यायचा आणि बाकीचे कोरी कॅसेट घेऊन त्याच्या दारात. शब्द होता ‘भरणे’. “माका पण भरून दी.” शिफारस म्हणजे नुसतं नाव सांगणं नव्हे. ज्याने नाव सांगितलं त्यानेच दोन डेकचा टेप लावून, वीज जाणार नाही अशी वेळ बघून, तासभर शेजारी बसून ते भरून द्यायचं. मग ती कॅसेट एसटीने तालुक्याला जायची.

सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची. चांगल्या कंपनीच्या कॅसेटला मिनिटभर फीत जास्त निघायची, तेवढीच. मेगाडेथचा ‘रस्ट इन पीस’ (१९९०) जेमतेम ४१ मिनिटांचा, म्हणजे एका बाजूला निवांत. खरा वाद पेटला तो मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’वरून. १९८६ सालचा, आठ गाण्यांचा आणि तब्बल ५५ मिनिटांचा. तो एका बाजूत मावत नाही.

एक पक्ष म्हणायचा, सातव्या क्रमांकावरचं साडेआठ मिनिटांचं वाद्यसंगीत गाळा. शब्दच नाहीत, कुणाचं काय जातं? पण हिशेब करून बघा. ते गाळलं तरी ४६ मिनिटं आणि वर वीसेक सेकंद उरतात. म्हणजे एक अख्खं वादन तर गेलंच, शिवाय शेवटचं गाणं ऐन भरात असताना ‘खट्’ करून टेप बंद. आमच्या भागात कितीतरी लोकांनी त्या गाण्याचा शेवट वर्षानुवर्षं ऐकलाच नव्हता. शेवट तसाच आहे असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या पक्षाचा तोडगा असा: पहिली सहा गाणी ‘ए’ बाजूला. ती होतात एक्केचाळीस मिनिटांच्या आत, पुढची चार मिनिटं कोरी सोडा. उरलेली दोन गाणी, १४ मिनिटं, ‘बी’ बाजूला. त्यामागे त्याच वर्षीचा स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’, २९ मिनिटांचा. चौदा आणि एकोणतीस त्रेचाळीस. दोन्ही अल्बम पूर्ण, एका कॅसेटमध्ये. ‘रेन इन ब्लड’ इतका आटोपशीर की त्याच्या मूळ कॅसेटवर दोन्ही बाजूंना तोच अख्खा अल्बम होता.

पहिल्या पक्षाची बाजूही सांगायला हवी. एका बाजूला एक अल्बम असला की भरायला सोपं, मध्ये उठावं लागत नाही, लेबलवर नाव नीट बसतं. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ, ती सारखी पुढेमागे केली की रीळ अडकायचं आणि मग पेन्सिल घालून फिरवत बसा. हे सगळं खरं. तरीही माझं मत तेव्हाही दुसऱ्या पक्षाकडे होतं आणि आजही आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत तासन्‌तास बेंजो ऐकत वाढलेल्या मुलांनी ‘शब्द नाहीत’ म्हणून वादन गाळावं, हे मला तेव्हा पटलं नाही. इंग्रजी शब्द तर आम्हाला तसेही निम्मेच कळत. कळायचं ते वादनच.

या भांडणाच्या मुळाशी ‘अल्बम’ हा शब्द होता. घराघरांत अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा. गाण्यांच्या संग्रहाला सगळे ‘कॅसेट’च म्हणत: अमक्याची नवीन कॅसेट आली. मुळात दोन्ही अर्थ एकाच घरातले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनचार मिनिटंच बसत, म्हणून मोठ्या रचनेच्या अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधणीत विकत. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, वही गेली आणि नाव राहिलं. गाळणाऱ्यांच्या लेखी कॅसेट म्हणजे गाण्यांची पिशवी, एखादं कमी भरलं तरी चालतं. आमच्या लेखी तो फोटोंचा अल्बम होता. त्यातून एक फोटो काढला की रिकामी जागा दिसतेच.

माझ्याकडची त्या काळची एक सी-९० अजून आहे. आतल्या कार्डावर निळ्या शाईने प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं-सेकंद, खाली बेरीज, आणि ‘बी’ बाजूच्या शेवटी ‘शिल्लक २’. फितीच्या कडेला पांढरी बुरशी. कोकणातल्या पावसाळ्याने जितक्या कॅसेट खाल्ल्या तितक्या कुठल्याच टेपने खाल्ल्या नसतील. मिरगाच्या आधी त्या तांदळाच्या डब्यात ठेवणारेही होते.

पुढचं भराभर घडलं. सीडी आल्या, मग बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड आलं, क्रियापद तेच. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हा बँड बेंगळुरूला आला, ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका, आणि ज्यांची हस्ताक्षरं फक्त कॅसेटवर पाहिली होती ती माणसं त्या निमित्ताने एकमेकांना प्रत्यक्ष भेटली. सप्टेंबर २०१६ मध्ये एका कंपनीने ४जी सुरू करून काही महिने डेटा फुकट दिला, आणि ‘भरून दे’ची जागा ‘पाठव’ने घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्ट्रीमिंगची सर्वांत मोठी परदेशी सेवा भारतात आली. आता लिंक पाठवायला दोन सेकंद लागतात. एका दिवसात दहा अल्बम सुचवणाऱ्याने त्यातले किती पूर्ण ऐकले, हे विचारायची सोय राहिलेली नाही. मिनिटं लिहिणारे लोक म्हणूनच मला महत्त्वाचे वाटतात. आकडा लिहायला अल्बमच्या शेवटापर्यंत बसावं लागतं, निदान आमच्यात तसा दंडक आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडकडच्या गावांत वीज कित्येक आठवडे नव्हती आणि मोबाइलला रेंजही नाही. त्या महिन्याची याद्यांची देवघेव झाली ती जुलैत, आणि तिकडच्या एकाच्या यादीत चारच अल्बम होते. चारही जुन्या मेमरी कार्डावरचे, गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करून ऐकलेले. प्रत्येकापुढे मिनिटं होती, आणि ५५ मिनिटांच्या त्या अल्बमपुढे कंसात लिहिलं होतं: ‘सातवं धरून’.